आमची वाटचाल : शिरोलीतल्या पहिल्या सर्व्हरपासून

२००३ साली कोल्हापूरच्या राजारामपुरीत एक खोली भाड्यानं घेऊन आम्ही काम सुरू केलं. तेव्हा कामं बहुतेक कॉम्प्युटर-प्रिंटर दुरुस्तीचीच. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत प्रिंटर बघायला गेलो, तर फोनच्या लाईनीवरून इंटरनेट जोडणारा डायल-अप मोडेम फक्त मालकांच्या केबिनमध्ये. पुण्याहून कास्टिंगचं दोन-तीन एमबीचं ड्रॉइंग आलं की ते उतरेपर्यंत पाव तास फोन अडकलेला आणि खरेदीवाले, डिस्पॅचवाले दारात उभे. उतरलेलं ड्रॉइंग पुन्हा फ्लॉपीत मावायचं नाही.

त्यांच्याच अडगळीतला जुना पेंटियम कॉम्प्युटर मागून घेतला, दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं, रेड हॅट लिनक्स ९ ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि त्याचा सगळ्या ऑफिससाठी सर्व्हर केला. लायसनचा खर्च शून्य. फुकटची वस्तू टिकेल का, ही मालकांची शंका. लिनक्समधल्या आयपीटेबल्सनं एकच कनेक्शन सगळ्या टेबलांपर्यंत गेलं, स्क्विड नावाचा प्रोग्रॅम एकदा उघडलेली पानं डिस्कवर साठवायचा. ठरल्या वेळी लाईन लागली की फेचमेल सगळ्यांच्या मेल उतरवून घ्यायचा आणि मेल पाठवणाऱ्या पोस्टफिक्स या प्रोग्रॅमच्या रांगेतल्या मेल बाहेर निघायच्या. टपालाची पिशवी येते-जाते तसंच, असं मालकांना सांगितलं आणि ते त्यांना लगेच उमगलं.

पुढं ब्रॉडबँड आलं, कामं वाढली. एका कारखान्यात मात्र आमच्या हातून मोठी चूक झाली. कुणाच्या मेल पुढं पाठवायच्या याची मर्यादा पोस्टफिक्समध्ये आम्ही फार सैल ठेवली होती. एका रात्रीत बाहेरच्या कुणीतरी त्यातून जाहिरातींचा पूर लोटला आणि कारखान्याचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, नको त्या मेल पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत गेला. कोटेशनं परत यायला लागली. यादीतून सुटका होईपर्यंत आठवडाभर मी रोज त्यांच्या ऑफिसात बसून त्यांची कोटेशनं आमच्या खात्यावरून पाठवली. तेव्हापासून सर्व्हर ताब्यात देण्याआधी बाहेरच्या लाईनवरून पोर्ट २५ ला, म्हणजे सर्व्हरच्या मेलच्या दाराला, टेल्नेटनं जोडून परक्याची मेल पुढं जात नाही ना, हे मी स्वतः तपासतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं. फौंड्रीची वीज गेलेली, शिरोलीला जायला वाट नाही. समोरचा सर्व्हर बंद दिसला तरी पाठवणारा सर्व्हर मेल लगेच टाकून देत नाही, पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्समध्ये या प्रयत्नांची मुदत मुळात पाच दिवसांची, मग मेल परत फिरते. चौथा दिवस उजाडला तसा माझा धीर सुटला. फौंड्रीच्या डोमेनचा एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायची ती नोंद, आमच्या राजारामपुरीच्या सर्व्हरकडे वळवला आणि आलेल्या मेलची नोंद दाखवणाऱ्या लॉगसमोर बसून राहिलो. दुपारनंतर एकेक ओळ सरकू लागली. रात्री मालकांना फोन केला, "साहेब, पुण्याची ऑर्डर आलीय." पलीकडून बराच वेळ आवाजच आला नाही.

अलीकडं बरीच गिऱ्हाइकं मेलसाठी क्लाउडवर गेली, काहींना आम्हीच नेऊन दिलं. ही फौंड्री मात्र अजून स्वतःच्या सर्व्हरवर आहे आणि त्यांच्या डोमेनला दुसरा एमएक्स आता कायमचा आमच्या ऑफिसचा आहे.