अडीच बाय साडेतीन

एटीसी, म्हणजे आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड, हाताने केलेलं छोटंसं चित्रकार्ड. नियम दोनच. माप अडीच बाय साडेतीन इंच, आणि कार्ड विकायचं नाही, फक्त बदली करायचं. पहिला नियम कुणालाही पटतो. दुसऱ्यावर मात्र आमच्या सोसायटीतल्या काकूंपासून ऑफिसातल्या मंडळींपर्यंत प्रत्येकाने मला एकदा तरी छेडलंय. "अगं, एवढं छान काढतेस, शंभर-दोनशेला सहज जाईल की!" जाईलही. विकायच्या कार्डांचा वेगळा पंथ आहेच, त्याला एसीईओ म्हणतात, मापही तेच. पण मला ओढ लागली ती विकत न मिळण्याचीच.

हे सुरू केलं झुरिकच्या वांची श्टिर्नेमान या चित्रकाराने. त्याने स्वतः बाराशे कार्डं केली, १९९७ मध्ये तिथल्या आपल्या पुस्तकांच्या दुकानात मांडली आणि लोकांना सांगितलं की ज्याला यातलं कार्ड हवं असेल त्याने स्वतः एक करून आणावं. डॉन मेबी नावाच्या चित्रकाराने ही कल्पना कॅनडात कॅलगरीला नेली आणि मग टपालाने ती कुठच्या कुठे पोचली. माप खेळाडूंच्या फोटोंच्या कार्डांचं, जी पोरं आपापसांत बदलतात.

माझी सुरुवात कागद कापण्यापासून झाली, आणि खरं सांगते, अजूनही मला तोच भाग सगळ्यात आवडतो. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा) जलरंगाचा ए-फोर कागद घेतला की त्यातून बरोबर नऊ कार्डं निघतात, तीन आडवी, तीन उभी, आणि कडेला पट्टी उरते ती रंग तपासायला. स्टीलची पट्टी, नवं पातं आणि खाली कापायची मॅट एवढं हवंच. कात्रीने कापलेलं कार्ड प्लॅस्टिकच्या नऊ कप्प्यांच्या पानात घालताना कुठेतरी अडतंच.

नंतर घरातल्याच वस्तूंवर नजर पडू लागली. पोकरच्या मापाचे पत्ते याच मापाचे असतात (ब्रिजचे थोडे अरुंद, तेव्हा आधी मोजा). एखादं पान हरवलेला कॅट रद्दीत देऊ नका. पत्ता पॉलिश पेपरने दोन्हीकडून घासायचा, चकाकी गेली की जेसोचा, म्हणजे रंग धरायला लावतात त्या पांढऱ्या अस्तराचा, हात द्यायचा, वाळला की दुसरा. बदामची राणी खालून पुसट दिसत राहते, ती तशीच ठेवून वर काम करायला मजा येते. लग्नपत्रिकांचा जाड कागदही उत्तम, सोनेरी गणपती तर आयताच मिळतो. एसटीची तिकिटं, जुन्या पंचांगाची पानं, साडीच्या खोक्यातला पातळ कागद, सगळं कोलाजला लागतं. घरचे म्हणतात हिने कचरा टाकणंच बंद केलंय.

मागची बाजू नवखे लोक मोकळी सोडतात. तिथे नाव, चित्राचं शीर्षक, तारीख आणि एकाच चित्राच्या पाच प्रती असतील तर १/५, २/५ असं लिहायचं. माझ्या मते अर्धं कार्ड तिथे असतं. समोर फक्त निळा डाग आणि मागे "कामशेतच्या आधीचा बोगदा, पावसात" असं वाचलं की तो डाग एकदम वेगळा दिसायला लागतो.

मग बदली. समूहात करायची तर एकजण यजमान होतो, विषय आणि मुदत ठरवतो. सगळ्यांनी त्याच्याकडे ठरलेली कार्डं आणि सोबत आपला पत्ता घालून, तिकीट लावलेलं परतीचं पाकीट पाठवायचं. तो सगळी पिसून वाटतो. ३०० जीएसएमचं कार्ड जेमतेम पावणेदोन ग्रॅम भरतं, त्यामुळे तीन कार्डं, पातळ पुठ्ठा आणि परतीचं पाकीट मिळून साध्या टपालाच्या वीस ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात बसतात. मात्र बटणं, मणी, शिंपले चिकटवलेलं कार्ड असं पाठवू नये. टपालात शिक्के बसतात, गठ्ठे दाबले जातात. असली कार्डं समोरासमोरच बदलावीत.

आणि इथेच खरी गोम आहे. पाकीट भरताना हात आपोआप दुसऱ्या क्रमांकाच्या कार्डाकडे जातो. चांगलं आपल्याकडे राहावं असं वाटतंच. पण समोरून काय येणार हे माहीत नसतं, आणि आपणच उरलंसुरलं पाठवलं तर कुठल्या तोंडाने चांगल्याची वाट बघायची? विकताना किंमत ठरवून सुटता येतं, इथे तशी पळवाट नाही. मी हल्ली सगळ्यात आवडलेलं कार्ड आधी पाकिटात टाकते, मग चहा ठेवते.

येतं तेही काय येतं! एका बाईंनी कागदावर गोधडीचा धावदोरा घातलेला होता. आधी थर्माकोलवर ठेवून सुईने भोकं पाडलेली, मग लाल दोरा, रांगेला रांग लागून. पाठीमागच्या गाठी झाकलेल्या नव्हत्या, तिथेच बारीक अक्षरांत नाव. ते कार्ड कुणी कितीही मागितलं तरी मी बदललेलं नाही.

सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे पत्ते, पाहिल्यापासून आणखी एक खूळ डोक्यात आहे. दशावतारी संचात एकशेवीस गोल पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, सगळी हाताने रंगवलेली. एवढी हिंमत नाही, पण भाजी मंडईचा एक संच चालू आहे: वांगी, कोथिंबीर, शेवगा आणि मिरची, प्रत्येकाचा एक राजा आणि एक प्रधान. शेवग्याचा राजा आडवाच काढावा लागला.

साठलेली कार्डं वहीत कोंडून ठेवायची नाहीत असं ठरवलंय. भाचे मंडळी आली की पालथी मांडते, प्रत्येकाने तीन उचलायची आणि त्यांची एक गोष्ट सांगायची. यंदा हळदीकुंकवाला वाण म्हणूनही माझी स्वतःची कार्डंच दिली. बायकांनी आधी उलटसुलट करून पाहिलं, मग आपापसांत "तुझं दे, माझं घे" सुरू झालं. काकूंनी दोन मागितली. म्हटलं, काकू, दुसरं हवं तर एक करून आणा. त्यांनी रंगपेटीचा भाव विचारून ठेवलाय.