मथळ्यांपाशी अडलेलं घोडं

परवा दुपारी आम्हा चार-पाच जणांचं ठरलं, की पैसे वाचवायची जी युक्ती ज्याला सापडेल ती त्याने एका जाड वहीत लिहून ठेवायची. युक्त्या भरपूर होत्या. घोडं अडलं ते मथळ्यांपाशी.

वीज, पाणी, प्रवास, कपडे, औषधं, विमा ही नावं पटापट पडली. मग कुणीतरी विचारलं, जुन्या चादरीच्या पिशव्या शिवल्या तर ती बचत कुठे लिहायची? कपड्यांत की दुरुस्तीत? दुसरी म्हणाली, पिशव्या विकत आणाव्या लागल्या नाहीत ना, मग खरेदीत. त्या एका चादरीने निम्मी दुपार खाल्ली.

मला मुळात खरेदीचं पानच नको होतं. ‘सवलतीत घेतलं, एवढे वाचले’ असं आनंदाने सांगणारा माणूस खिशातले पैसे देऊन आलेला असतो, हे माझं जुनं दुखणं. सवलतींना जागा द्यायचीच तर खर्चाच्या वहीत द्या, असं मी म्हटलं. कुणी दाद दिली नाही. आणि सगळ्यात आधी भरलं तेही तेच पान.

वहीतले कप्पे निदान खोडता तरी येतात, डोक्यातले चिवट. ट्व्हर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली छापलेला एक प्रयोग आहे. १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर २० मिनिटांवरच्या दुकानात ५ डॉलरने स्वस्त मिळतोय, जाल का? ६८ टक्के लोक हो म्हणाले. तोच कॅल्क्युलेटर १२५ डॉलरचा असेल तर? हो म्हणणारे २९ टक्क्यांवर आले. पाच डॉलर तेच, पायपीटही तेवढीच. मला हसू आलं नाही, कारण पेनाच्या रिफिलसाठी दोन दुकानं पालथी घालणारी मी फ्रिज घेताना ‘चला, एवढ्या-तेवढ्याने काय होतंय’ म्हणते.

आमच्या आईच्या डोक्यात असले घोळ नव्हते. रोज रात्री ती हिशोबाची उभी वही घेऊन बसायची. पट्टी कधीच जागेवर नसे, म्हणून कंगव्याच्या पाठीने रेघा आखायची. त्या शेवटाला हटकून जराशा वाकायच्या. सगळं निळ्या पेनाने. फक्त उसने दिलेले पैसे पेन्सिलीने. का, तर ते कधी खोडावे लागतील सांगता येत नाही. परत आले म्हणून खोडले जायचे तसे परत येणार नाहीत हे कळल्यावरही खोडले जायचे, आणि खोडल्यावर दोन्ही जागा सारख्याच पांढऱ्या दिसायच्या. बेरीज जुळली नाही की ती पेनाचं टोपण दातांत धरून थोडा वेळ भिंतीकडे बघायची आणि राहिलेली रक्कम ‘किरकोळ’खाली ढकलून वही मिटायची. आमचे हट्ट, कुणाला गुपचूप केलेली मदत, तिची स्वतःची एखादी हौस, सगळं त्या किरकोळात असणार. मी कधी विचारलं नाही.

जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची ‘काकेबो’ वही काढली. आज त्या पद्धतीचे चार रकाने सांगतात: गरज, हौस, संस्कृती आणि अनपेक्षित. पुस्तकं-नाटकांना हौसेतून उठवून वेगळा पाट मांडणं मला फार आवडलं. आमच्या वहीत मी ‘संस्कृती’ सुचवून पाहिलं, तर ‘त्यात कसली बचत?’ म्हणून ते उडालं. वाचनालय असतं, म्हटलं. मग ते ‘फुकट’मध्ये गेलं.

शेवटी राहिलं ‘कर्ज’. एकाचं म्हणणं, ते अगदी मागच्या पानावर टाका, उगाच वातावरण जड होतं. दुसऱ्याने बिनतोड मुद्दा काढला, की क्रेडिट कार्डाची थकबाकी फेडली तर जेवढं व्याज वाचतं तेवढं कुठलीच मुदत ठेव देत नाही, तेव्हा बचतीचं पहिलं पान हेच हवं. हिशोबाने त्याचं खरं होतं. पण चादरीच्या पिशवीवर हसणाऱ्यांच्या अक्षराखाली, ज्याचा हप्ता थकलाय तो माणूस काय लिहिणार? आमच्यासाठी काटकसर हा दुपारचा खेळ होता. कुणासाठी ती महिनाअखेरची धडपड असते, आणि तिला युक्तीची नाही, कुणीतरी आकडे समोर घेऊन नीट बसण्याची गरज असते. आमच्यातला एकजण एवढ्या वादात कर्जाबद्दल अवाक्षर बोलला नव्हता, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

कर्जाची वही वेगळी ठेवायची आणि तीत लिहिणाऱ्याला नाव विचारायचं नाही, एवढ्यावर मी अडून बसले. चादरीचं काय ते बाकीच्यांनी ठरवावं.