पोरगं हसत बाहेर आलं की मला धडकी भरते

कर्वे रोडला परदेशी अ‍ॅडमिशनचं काउन्सेलिंग करते. ऑगस्टच्या एसएटीनंतर, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेनंतर, दहावीतल्या एका पोराचा सेंटरबाहेरूनच फोन, "मॅडम, इंग्लिशचं दुसरं मॉड्यूल एकदम सोपं आलं!" माझ्या पोटात गोळाच आला. २०२३ पासून आपल्याकडे ही परीक्षा लॅपटॉपवर होते, दोन तास चौदा मिनिटं, प्रत्येक विषयाचे दोन भाग, म्हणजे मॉड्यूल, आणि पहिलं कसं गेलं त्यावर दुसरं ठरतं. पहिल्यात माती खाल्ली की दुसरं सोपं मिळतं, मग त्यात सगळं बरोबर आलं तरी स्कोर एका मर्यादेच्या वर जातच नाही.

निकाल आला, मॅथ्स ७६०, इंग्लिश ५१०, प्रत्येकी ८०० पैकी. गणिताचं नवल नाही, कॅल्क्युलस नसतंच, समीकरणं, भूमिती, थोडी त्रिकोणमिती, वर स्क्रीनवर डेस्मॉसचा कॅल्क्युलेटर. इंग्लिशला मात्र एकेका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा नाही, उतारा छोटासाच, पण लेखकाच्या दाव्याला कशाने बळ मिळेल असलं काहीतरी विचारतात, त्याला वय आणि वाचन लागतं, नुसता क्लास लावून भागत नाही.

आई-वडील दोघं ऑफिसला आले. वडील हिंजवडीवाले, एक्सेल शीट घेऊनच. दहावीतच एसएटी उरकायची म्हणजे अकरावी-बारावी जेईईला मोकळी. हे खूळ आमच्याच लाइनीतल्या लोकांनी घातलंय, नववीपासून पॅकेज विकतात, त्यांचं काय जातंय!

मी म्हटलं, "अहो, अकरावी झाली की जूनला बसवा, लागलंच तर बारावीच्या ऑगस्टला परत. तिकडच्या अर्ली, म्हणजे लवकरच्या फेरीच्या, अर्जाची तारीख बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर, त्याच्या आत सगळं हातात येतं. नंतर जानेवारीत जेईई मेन, फेब्रुवारीत बोर्ड, तेव्हा हे ओझं नको." तयारीला मे महिना खरं तर उत्तम, पण जेईईचे क्लासवाले सुट्टीतच बारावीचा पोर्शन काढतात, त्यांच्यापुढे कोण बोलणार.

"मग ऑक्टोबरला देऊ दे ना परत, सुपरस्कोर होतो म्हणे." होतो, म्हणजे वेगवेगळ्या वेळी दिलेल्या परीक्षांतला प्रत्येक विषयाचा सगळ्यात चांगला स्कोर धरतात, बऱ्याच ठिकाणी होतो, पण जॉर्जटाउनसारखी युनिव्हर्सिटी सगळे स्कोर मागते, आणि दीड-दोन महिन्यांत ५१० चे ७०० कोण करून देणार?

आईनं मध्येच विचारलं, "याला वाचायला काय देऊ?" अख्ख्या मीटिंगमधला कामाचा प्रश्न तेवढाच. रोज विज्ञानाचा नाहीतर इतिहासाचा एक इंग्लिश लेख वाच, मग तो बाजूला ठेवून लेखक नेमकं काय म्हणतोय ते दोन ओळींत लिही, असं मी पोराला सांगत होते, ते बिचारं मन लावून ऐकत होतं आणि तेवढ्यात वडिलांनी तिथंच बसून ऑक्टोबरचं रजिस्ट्रेशन करून टाकलं. पुण्यात सीट नव्हती, मुंबईचं सेंटर. त्याच आठवड्यात शाळेची सहामाही.

तो निकाल अजून यायचाय. काल वडिलांचा मेसेज आला, डिसेंबरसाठी मुंबईत कुठलं सेंटर बरं.