घरासाठी प्रिंटर घेताना आधी पानं मोजली

कोल्हापुरात प्रिंटर कुठं मिळतो हा प्रश्नच नाही. राजारामपुरीत शिरलं की एका आड एक कॉम्प्युटरची दुकानं आहेत. प्रश्न होता कुठला घ्यायचा हा, आणि त्यावर दुकानदारापासून भाच्यापर्यंत सगळ्यांचं उत्तर एकच: इंक टँक, म्हणजे बाटलीतली शाई टाकीत ओतायचा प्रिंटर घ्या, पानाला दहा पैसे पडतात, डोळे झाकून घ्या. आम्ही डोळे उघडे ठेवून लेझर, म्हणजे शाईऐवजी पूड वापरणारा प्रिंटर घेतला. इंक टँक वाईट म्हणून नाही. आमच्या घरात छपाई ज्या पद्धतीनं होते, तिला तो जुळत नव्हता, आणि हे कळायला थोडा हिशोब करावा लागला.

आधी घरात छापतं कोण ते सांगते. मुलगी शिष्यवृत्तीला बसलेली, म्हणजे सराव पेपर. नवऱ्याचं शिरोलीत छोटं जॉबवर्क, तर त्याची कोटेशन आणि बिलं. सासरे, म्हणजे आमचे आबा, कागलकडच्या शेताच्या कागदांत कायम गुंतलेले. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन निघायला लागल्यापासून तर त्यांचा उत्साह वाढलाय. कागद मोबाइलवर बघून त्यांचं समाधान होत नाही, हातात लागतो. आणि मी शिक्षिका, त्यामुळे वर्कशीटं.

घरी याआधी एक छोटा कार्ट्रिजवाला रंगीत प्रिंटर होता. कंपनीचं नाव घेत नाही, कारण त्या वर्गातले सगळेच तसे. मशीन स्वस्तात मिळतं आणि काळं-रंगीत कार्ट्रिज दोन्ही बदलायची वेळ आली की नव्या मशीनच्या निम्म्याच्या पुढं खर्च जातो. त्यातही आमची शाई छापून कधी संपलीच नाही, वाळूनच गेली. मग तो माळ्यावर गेला आणि आम्ही गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडं. मोबाइलवरून काढलेल्या प्रिंटला पानाला पाच रुपये, साध्या झेरॉक्सला दोन.

नवा घ्यायचा ठरल्यावर नवरा म्हणाला, आपण वर्षाला छापतो तरी किती? अंदाजानं कुणी दोन हजार म्हणालं, कुणी पाचशे. खरा आकडा व्हॉट्सॲपमध्येच होता. सगळ्या फायली आम्ही झेरॉक्सवाल्याला तिथंच पाठवत होतो. त्याचं चॅट वर सरकवत गेलो तर घराचं वर्षभराचं छपाईचं खातंच समोर आलं. जूनमध्ये शाळेचे कागद. मग पावसाळाभर एखाददुसरं पान. दिवाळीत शून्य. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत पेपरांचा पूर. एप्रिल-मे पुन्हा कोरडे. बेरीज हजाराच्या आसपास, आणि त्यात रंगीत पानं चाळिशीच्या आत. शंभरातली चार पानं सुद्धा रंगीत नाहीत, आणि आम्ही रंगीत प्रिंटर बघत फिरत होतो!

कुणालाही प्रिंटर घ्यायचा असेल तर दुकानात जायच्या आधी हे करावं असं मला वाटतं. बेरजेपेक्षा मधले मोकळे महिने नीट बघावेत.

दुकानदारांनी जे सांगितलं ते खोटं नव्हतं. एप्सनच्या साध्या इंक टँकमध्ये जी ००३ नंबरची शाई लागते, तिची काळी बाटली ६५ मिलीची आणि कंपनी ४,५०० पानं सांगते. तीन रंगांच्या बाटल्या मिळून ७,५०० पानं. कॅननच्या जी सिरीजमधल्या जीआय-७९० शाईची काळी बाटली १३५ मिलीची, ६,००० पानांची. ब्रदरची काळी १०८ मिलीची, ७,५०० पानांची. बाटली शे-दोनशे रुपयांनी मागंपुढं झाली तरी काळं पान दहा पैशांच्या आसपासच बसतं. झेरॉक्सच्या पाच रुपयांपुढं हे ऐकलं की माणूस तिथंच पाकीट काढतो.

पण हे आकडे कसे येतात तेही पाहिलं पाहिजे. ठरावीक नमुन्याची पानं सलग छापून ते मोजतात. पहिल्या बाटलीतली काही शाई टाकीपासून हेडपर्यंतच्या, म्हणजे कागदावर शाई उडवणाऱ्या भागापर्यंतच्या नळ्या भरण्यातच जाते, म्हणून पहिल्या भरणीला कमी पानं निघतात, हे कंपन्या स्वतःच बारीक अक्षरात लिहितात. आणि सलग छापणं हा तर आमच्या घरचा प्रकारच नव्हे.

खरा उलगडा लक्ष्मीपुरीत एका दुरुस्तीवाल्याकडं झाला. जुना प्रिंटर काही होतोय का बघायला नेला होता. त्यानं झाकण उघडून बघितलं, बंद केलं आणि विचारलं, "ताई, नवीन घ्यायचं म्हणतायसा, तर किती छापतासा ते ऱ्हाऊ द्या. किती दिवस छापत न्हाईसा ते सांगा."

मी चॅटवाला हिशोब सांगितला. तो हसला. "मग तुमची निम्मी शाई कागदावर जाणारच न्हाई. हेड धुण्यात जाणार."

मग त्यानं समोर उघडून ठेवलेल्या एका मशीनवरच सगळं दाखवलं. इंकजेटच्या, म्हणजे शाईवर चालणाऱ्या कुठल्याही प्रिंटरच्या हेडला केसाहून बारीक भोकं असतात. मशीन बंद असताना हेड एका कोपऱ्यात जाऊन रबरी झाकणीवर बसतं, म्हणजे शाई वाळत नाही. तरी महिनोन् महिने पडून राहिलं की भोकं चोंदतात. मग हेड क्लिनिंग करायचं, म्हणजे शाई जोरात ओढून बाहेर टाकायची. ती टाकलेली शाई आत एका स्पंजसारख्या पॅडमध्ये जाते. पॅड भरलं असं मशीनच्या मोजणीला वाटलं की मशीन थांबतं, टाकी शाईनं भरलेली असली तरी. कॅननच्या जी २०२०, जी ३०२० अशा नव्या मॉडेलांत हा पॅडचा डबा आपला आपल्याला बदलता येतो, ही चांगली सोय. बऱ्याच स्वस्त मॉडेलांत मात्र सर्व्हिस सेंटरच गाठावं लागतं.

हेडमध्येही दोन जाती. एचपी आणि कॅननमध्ये शाई तापवून, बुडबुडा करून थेंब उडवतात. त्यांच्या टँकवाल्या मशीनचं हेड काढून दुसरं बसवता येतं. एप्सन आणि ब्रदरमध्ये विजेच्या दाबानं थरथरणाऱ्या स्फटिकानं थेंब ढकलतात. ते हेड दणकट, मशीनच्या आयुष्याइतकं टिकेल असं धरलेलं, पण चोंदून गेलंच तर बदलायचा खर्च अंगावर येतो.

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली, ती प्रत्येक इंक टँकवाल्या घरात भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. मशीन आधी त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद करायचं, मगच भिंतीवरचं. थेट भिंतीवरचं बंद केलं तर हेड कधी कधी झाकणीवर न जाता मधेच उघडं राहतं. आता आमचे आबा रात्री घरभर फिरून फ्रीज सोडून बाकी सगळी बटणं बंद केल्याशिवाय अंथरुणावर पडत नाहीत. पन्नास वर्षांची सवय. प्रिंटरसाठी ती मोडणार नव्हती, आणि मोडावी असं मलाही वाटलं नाही.

घरी येऊन हिशोब मांडला. दहा पैशांनी हजार पानं, म्हणजे वर्षाला शंभर रुपये. ब्रदरच्या काळ्या-पांढऱ्या लेझरचा टोनर, म्हणजे पुडीचं कार्ट्रिज, २,६०० पानांचा. दुकानात सांगितलेल्या किमतीला भागलं तर पान साठ पैशांच्या आसपास. म्हणजे वर्षाला सहाशे. दर सहापट, पण आमच्या घरासाठी फरक वर्षाला पाचशे रुपयांचा. एकदा चोंदलेलं हेड दुरुस्तीला नेलं की एवढे तर सहज जातात. वर्षाला दहा हजार पानं छापणाऱ्याला हाच फरक पाच हजारांचा पडेल आणि त्यानं लेझर घेतला तर त्याला वेड्यात काढावं लागेल. दर ऐकताना सगळे भुलतात, कारण त्याला आपल्या पानांनी कुणी गुणत नाही.

त्यात कागद कुणी धरतच नाही. पाचशे कागदांची रीम आम्हाला पावणेतीनशेच्या घरात मिळते, म्हणजे कोरा कागद पंचावन्न पैशांचा. इंक टँकच्या शाईपेक्षा कागद पाचपट महाग! मग पैसे वाचवायचे तर कागद वाचवायला हवा. आम्ही बघितलेल्या स्वस्त इंक टँकमध्ये दोन्ही बाजूंनी छापायचं तर कागद हातानं उलटून घालावे लागत होते, आणि ते कुणी करत नाही. आमच्या बजेटमधल्या लेझरमध्ये ती सोय आपोआप होती. पाठपोट छापलं की पानामागं कागद सत्तावीस-अठ्ठावीस पैशांवर येतो. तो धरल्यावर पाचशेचा फरक सव्वादोनशेवर आला. इथंच नवऱ्यानं कॅल्क्युलेटर खाली ठेवला.

टोनर ही पूड. ती वाळण्याचा प्रश्नच नाही. मे महिनाभर मशीन पडून राहू दे, जूनमध्ये पहिलं पान शेवटच्या पानासारखंच येतं. पूड उष्णतेनं कागदावर वितळून चिकटते, त्यामुळे पाण्याचा थेंब पडला तरी अक्षर पसरत नाही. इंक टँकमध्येही काहींची काळी शाई पिगमेंटची, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची असते, ती बऱ्यापैकी टिकते. पण एप्सनच्या ००३ सारखी डायची, म्हणजे विरघळणाऱ्या रंगाची असेल तर ओल्या बोटानं किंवा हायलायटरनं फराटा उठतो. जुलैत रेनकोटच्या खिशातून तलाठी कार्यालयापर्यंत जाणाऱ्या कागदाला हा फरक समजतो.

लेझर ठरल्यावर नवऱ्याच्या मित्रानं जुना एचपी १०२० सुचवला. सेकंडहँड स्वस्त मिळतो, आणि सरकारी कचेऱ्यांत आजही तो किंवा कॅननचा एलबीपी २९०० घरघरत असतो. दोन्हींच्या पोटात यंत्र कॅननचंच, म्हणून एकाला लागणारं १२ए आणि दुसऱ्याचं ३०३ हे कार्ट्रिज जवळपास एकच, २,००० पानांचं. सुटे भाग कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात, रिफिल कुणीही करतं. टिकाऊपणात या दोघांना तोड नाही हे मी मान्य करते. पण दोन्ही बाजूंची छपाई आपोआप नाही, वायफाय नाही, आणि नव्या लॅपटॉपवर ड्रायव्हर बसवताना कधी कधी डोकं धरायची वेळ येते. फक्त बिलं छापायची असती तर तोच घेतला असता.

आम्ही ब्रदरचा थ्री-इन-वन लेझर घेतला. झेरॉक्स आणि स्कॅनची काच हवीच होती, कारण या देशात आधार कार्डाची झेरॉक्स कधी कोण मागेल सांगता येत नाही. त्यात टोनर आणि ड्रम, म्हणजे पूड कागदावर उतरवणारा रूळ, वेगळे असतात. टोनर संपला की फक्त टोनर बदलायचा; ड्रम १२,००० पानांचा, म्हणजे आमच्या वेगानं मुलगी कॉलेजातून बाहेर पडेपर्यंत. घेण्याआधी दुकानदाराला विचारून घ्या की सोबत येणारा टोनर पूर्ण भरलेला आहे की सुरुवातीपुरता. बऱ्याच लेझरसोबत कमी पानांचाच देतात आणि पहिल्या चार महिन्यांत माणूस हादरतो.

किंमत रंगीत इंक टँकपेक्षा थोडी जास्त पडली. दुकानदार अजून कुरकुरत होता, "वहिनी, रंगीत न्हाई हो यात. पोरीचं प्रोजेक्ट कसं करतासा?" प्रोजेक्टचे फोटो महाद्वार रोडला दहा-पंधरा रुपयांत छान निघतात, आणि वर्षात चाळीसच पानं. तेवढ्यासाठी घरात चार रंग वाळत ठेवायचे नाहीत.

तोटे आहेत, ते पण सांगते. लेझर वीज खातो. इंक टँक छापताना दहा-पंधरा वॉटमध्ये भागवतो, हा चारशे-पाचशेच्या घरात जातो आणि तापताना त्याहून वर उडी मारतो. म्हणून घरच्या इन्व्हर्टरवर किंवा कॉम्प्युटरच्या यूपीएसवर तो लावायचा नाही. पावसात लाइट गेली की आमची छपाई थांबते. इन्व्हर्टरवरच काम भागवायचं असेल तर सरळ इंक टँक घ्या, या बाबतीत वादच नाही. दुसरं म्हणजे पावसाळ्यातला कागद. रीम उघडी राहिली की इथल्या हवेत कागद ओल धरतो, लेझरच्या उष्णतेतून जाताना वाकडा होतो आणि अडकतो. आम्ही उघडी रीम पिशवीत घट्ट बांधून कपाटात ठेवतो आणि लागतील तेवढेच कागद ट्रेमध्ये घालतो. आणि पुढं कधी टोनर रिफिल करून घ्यायचा झाला तर दुकानातच करून आणणार. ती बारीक काळी पूड घरात उडाली तर फरशीच्या सांध्यातून निघत नाही, असं त्याच दुरुस्तीवाल्यानं सांगून ठेवलंय.

माझ्या जावेनं त्याच महिन्यात इंक टँक घेतला, तोही माझ्याच सल्ल्यानं. ती बालवाडी चालवते. रोज फळं, प्राणी, रंगांची कार्डं, आठवड्याला शंभरेक पानं रंगीत. तिच्या मशीनला वाळायला वेळच मिळत नाही. काळी अक्षरं तरी पसरू नयेत म्हणून तिनं काळी शाई पिगमेंटची असलेलं मॉडेल बघून घेतलं, कारण मुलं कार्डं चाटतात.