आधी पाहिलेला स्वामी

लहानपणी मला 'वाच रे काहीतरी' म्हणणारी माणसं घरात भरपूर होती. त्यांचं मी कधी ऐकलं नाही. ऐकलं ते दूरदर्शनचं, आणि दूरदर्शन तर मला वाच म्हणालंच नव्हतं. 'मालगुडी डेज' लागायचं, एल. वैद्यनाथन यांची ती 'ताना ना'ची धून सुरू व्हायची, आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं दिसायची आणि नावांच्या पाट्यांत एक नाव असायचं, आर. के. नारायण. ही गोष्ट कुणीतरी लिहिलेली आहे, म्हणजे ती कुठेतरी छापलेलीही असणार, हा शोध मला त्या पाटीने लावून दिला.

पुढचा भाग थेट पुढच्या आठवड्यात. मधले दिवस गोष्टीतल्या शाळकरी स्वामीचं काय झालं असेल याचा घोर. सगळे भाग एका बैठकीत बघायला मिळाले असते, तर मी ग्रंथालयाची पायरी चढलो असतो असं मला अजिबात वाटत नाही. मालिकेपेक्षा मला त्या उपाशी आठवड्याने वाचायला लावलं.

बालविभागाच्या कपाटात मालगुडी सापडलं नाही. ग्रंथपालबाईंनी मोठ्यांच्या विभागातून एक पुस्तक काढून दिलं, आणि ते निघालं इंग्रजी! पडद्यावरचा स्वामी तर फर्डं हिंदी बोलत होता. गोष्टीतली माणसं तमिळ, दिग्दर्शक शंकर नाग कन्नड, मालिका हिंदी, पुस्तक इंग्रजी आणि वाचायला बसलेला मी मराठी माध्यमातला. सोमवार सकाळ आहे आणि स्वामीला डोळे उघडायचे नाहीयेत, एवढं पहिल्याच ओळीत कळलं. फार बरं वाटलं. त्यानंतर मात्र दर ओळीला ठेच. आठवड्याने पुस्तक परत केलं. "आवडलं का?" बाईंनी विचारलं. मी जोरजोरात मान हलवली. पुस्तकांच्या बाबतीत मारलेली ही माझी पहिली थाप. (शेवटची नव्हे.)

ना. धों. ताम्हनकरांच्या गोट्याने तशी वेळ आणली नाही. मालिका बघितली आणि पुस्तक मिळवून वाचलं, मध्ये कुठे भाषेचा नाका लागला नाही. माझ्या थोरल्या बहिणीचं असंच चिमणरावाच्या बाबतीत झालेलं. चिं. वि. जोशी वाचताना तिला आजही दिलीप प्रभावळकरांचाच आवाज ऐकू येतो, आणि गुंड्याभाऊ बोलला की बाळ कर्वे. आधी पडद्यावर पाहिलं की पुस्तक नासतं, असं म्हणणारे लोक मला नेहमी भेटतात. त्यांची कल्पनाशक्ती तालेवार असेल. मला आयता चेहरा मिळाला म्हणून तर आत शिरायचा धीर झाला.

कॉलेजात असताना स्वामी पुन्हा हाती आला. 'स्वामी अँड फ्रेंड्स', १९३५ सालचं पुस्तक. शब्द आता अडत नव्हते, पण नारायण काहीही लिहोत, मला दिसत होता तो मास्टर मंजुनाथच, त्याचे वडील म्हणजे गिरीश कर्नाड, आणि घर आगुंब्याचं. मालगुडी नकाशावर नाहीच. शंकर नाग यांनी ते कर्नाटकातल्या आगुंबे गावात उभं केलं, हे मला पुढे कळलं. तोवर माझ्या डोक्यातलं मालगुडी कौलारू होऊन बसलं होतं. आता ते हलत नाही, आणि मी हलवायला जातही नाही.

शेवटच्या प्रकरणात स्वामीचा मित्र राजम गाव सोडून निघालेला असतो. त्याला काय द्यावं याचा स्वामी विचार करतो आणि एक पुस्तक निवडतो. अँडरसनच्या परीकथा, वडिलांनी कधीतरी मद्रासहून आणलेल्या. हेच का, तर ते त्याला स्वतःला कधी नीट वाचताच आलेलं नसतं. त्यात न कळणारे इंग्रजी शब्द फार असतात.

ते वाक्य मी दोनदा वाचलं. ग्रंथपालबाई आठवल्या, आणि माझी ती हलणारी मान.

स्टेशनवर गाडी सुटते. दुसरा मित्र मणी पुस्तक घेऊन गाडीबरोबर धावतो, 'स्वामीने दिलंय' असं ओरडतो. राजम हात बाहेर काढून ते घेतो. त्याने पुढे ते वाचलं की नाही, हे नारायण यांनी लिहिलेलं नाही.