माझा अनुभव: फंडिंग मिळालं, पण गाडी अडली जुन्या शेअर सर्टिफिकेटांपाशी

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांसाठी (ओतकाम कारखान्यांसाठी) भट्टीचा वीजवापर मोजणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. व्हेंचर कॅपिटलची पहिली फेरी झाली आणि संचालक मंडळ दोनाचं पाच जणांचं झालं. पिच, टर्म शीट (गुंतवणुकीच्या अटींचा मसुदा), व्हॅल्युएशन यांवर वाचायला भरपूर मिळतं. आमचं घोडं अडलं ते डीमॅटवर, म्हणजे कागदी शेअर इलेक्ट्रॉनिक करण्यावर, आणि त्याबद्दल आधी कुणीच सावध केलं नव्हतं.

'स्मॉल कंपनी'ला (कमी भांडवल आणि उलाढालीच्या कंपनीला) डीमॅटच्या सक्तीतून सूट आहे, म्हणून सीए हा विषय काढतच नाहीत. पण पैसे घालणारा फंड सेबीकडे नोंदलेला एआयएफ (पर्यायी गुंतवणूक फंड) असेल, तर १ जुलै २०२५ पासून त्याची प्रत्येक नवी गुंतवणूक डीमॅटमध्येच लागते. म्हणजे तुमच्या कंपनीच्या शेअरला आयएसआयएन (डीमॅटसाठीचा ओळख क्रमांक) हवाच. त्यासाठी आरटीए (भागधारकांची नोंद ठेवणारी संस्था) नेमायचा, मग कंपनी, आरटीए आणि डिपॉझिटरी (डीमॅट शेअर सांभाळणारी संस्था) असा तिघांचा करार. सोबत ऑडिट झालेले ताळेबंद, सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट, बोर्डाचा ठराव. आर्टिकल्समध्ये (कंपनीच्या नियमावलीत) डीमॅटची तरतूद आहे का, हे सगळ्यात आधी बघा. नसेल तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

खरी कटकट पुढे. फंडाची अट होती की जुन्या भागधारकांचेही शेअर डीमॅट व्हावेत. आपल्याकडे सुरुवातीचं भांडवल घरातून येतं, मामा, काका, एखादा ओळखीचा कारखानदार. प्रत्येकाने डीमॅट खातं उघडायचं, डीआरएफ (डीमॅटसाठीचा अर्ज) भरायचा, मूळ सर्टिफिकेट डीपीकडे (खातं जिथे उघडलं त्या संस्थेकडे) द्यायचं आणि ते तिथून आरटीएकडे जातं. आमच्या आरटीएच्या टेबलावरून ते परत येत राहिलं. आधी नाव जुळत नाही म्हणून: सर्टिफिकेटवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. ते निस्तरलं तर संयुक्त धारकांच्या नावांचा क्रम डीमॅट खात्यातल्या क्रमाशी जुळेना. मग सही. आणि सगळ्यात शेवटी, मूळ शेअर देताना मुद्रांक शुल्क भरल्याचा पुरावा. कागद पहिल्यांदा हातात आला तेव्हाच हे चारही मुद्दे दिसत होते. एका ईमेलमध्ये कळवले असते तर लोकांना पुन्हा पुन्हा सह्यांसाठी गाठावं लागलं नसतं. मामांचा सवाल रास्तच होता: "सर्टिफिकेट तिजोरीत हाय, नाव माझंच हाय, मग ह्यो आनि कुठला कागुद?"

मुद्रांक शुल्काचं जरा नीट समजून घ्या. १ जुलै २०२० पासून शेअर देण्यावरचा दर देशभर ०.००५ टक्के आहे, म्हणजे दहा लाखांच्या शेअरवर फक्त ५० रुपये. रक्कम इतकी किरकोळ की नव्या कंपन्यांत ती भरायची राहूनच जाते. नंतर भरायला गेलं की दंड आणि मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडचा अर्ज मागे लागतो. कंपनी नवी असेल तर आजच पावत्या शोधून फाइलला लावा. नाव, क्रम, सही आणि शुल्क या चार गोष्टी टर्म शीटवर सही करण्याआधी तपासल्या तर पुढचा सगळा मनस्ताप वाचतो.

घाई एवढ्यासाठी की एकदा पैसे आले की घड्याळ सुरू होतं. रक्कम मिळाल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत. तेही चुकलं तर साठाव्या दिवसापासून १२ टक्के व्याज. म्हणून इक्विटीचा आयएसआयएन हातात आल्याशिवाय फंडाकडून पैसे मागवू नका, कुणी कितीही घाई करो.

बाकीच्या सरकारी फॉर्मांचा क्रम सीएसला (कंपनी सेक्रेटरीला) पाठ असतो. अधिकृत भांडवल वाढवलं तर एसएच-७, विशेष ठरावाचा एमजीटी-१४, आणि तो दाखल झाल्यावरच पीएएस-४, म्हणजे गुंतवणूकदाराला द्यायचं ऑफर पत्र. पैसे वेगळ्या बँक खात्यात, तेही गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या खात्यातून. शेअर दिल्यावर १५ दिवसांत पीएएस-३, म्हणजे शेअर दिल्याचं विवरण. तो भरेपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही, तेव्हा त्या महिन्याच्या पगारांची सोय आधीच करून ठेवा. फंड परदेशी असेल तर ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर हा फॉर्म.

बोर्डाबद्दल एकच गोष्ट ठासून सांगतो. फंडाच्या संचालकाशिवाय कोरम (सभेची गणसंख्या) होणार नाही, असं कलम करारात येतंच. ते मान्य करा, पण त्यासोबत लिहून घ्या की तहकूब सभेला तो आला नाही तरी कोरम धरला जाईल. नाहीतर एक माणूस विमानात अडकला म्हणून कर्जाचा ठराव लटकतो. नामनिर्देशित (फंडाने नेमलेल्या) संचालकाची तरतूद आर्टिकल्समध्ये आधी घाला, नियुक्ती त्यानंतर. मग ३० दिवसांत नियुक्तीचा फॉर्म डीआयआर-१२. त्याची संमती डीआयआर-२ वर लागते. मान्यताप्राप्त स्टार्टअपला कायद्याने दर सहामाहीला एक बोर्ड सभा पुरते, फंड मात्र दर तिमाहीला मागतो. व्हिडिओवरून हजर राहिलेला संचालकही कोरममध्ये धरला जातो, त्यामुळे मुंबईच्या माणसाला दर वेळी कोल्हापूर गाठावं लागत नाही.

आणि हो, नव्या संचालकाचा डीआयएन (संचालक ओळख क्रमांक) केवायसीअभावी बंद पडलेला नाही ना, हे एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर आधीच बघून घ्या. फॉर्म भरायला बसल्यावर ते कळलं तर त्या दिवशीचं काम तिथेच थांबतं.