दोन जन्मदिवसांमधली संध्याकाळ

२ नोव्हेंबर २०२४, दिवाळीचा पाडवा. कालकाजी मंदिर मेट्रो स्थानकातून बाहेर आले तेव्हा दिल्लीवर फटाक्यांच्या धुराचा थर तसाच होता आणि कमळ मंदिराचा नुसता आकार कळत होता. बागेतल्या लांब वाटेने जवळ जावं तसतसा संगमरवर पांढरा होत गेला.

हा दिवस मी मुद्दाम धरला होता. कमळ मंदिर हे बहाई धर्माचं उपासनास्थळ. बहाई लोक त्या दिवशी बाब यांचा जन्मदिवस साजरा करत होते आणि दुसऱ्या दिवशी बहाउल्लाह यांचा. बहाउल्लाह या धर्माचे संस्थापक, बाब त्यांच्या आगमनाची वर्दी देणारे पूर्वसूरी. बाब शिराझमध्ये २० ऑक्टोबर १८१९ला जन्मले, बहाउल्लाह तेहरानमध्ये १२ नोव्हेंबर १८१७ला. इंग्रजी तारखांत तीन आठवड्यांहून जास्त अंतर. पण हिजरी पंचांगात एक मोहरमची पहिली तारीख, दुसरी मोहरमची दुसरी. वर्षं वेगळी, दिवस मात्र लागून. म्हणून बहाई धर्मात या दोन दिवसांना जुळे जन्मदिवस मानतात. २०१५ पासून जगभर एकच रीत आहे: नवरोजनंतरची, म्हणजे मार्चमधल्या नववर्षानंतरची, आठवी अमावास्या तेहरानच्या वेळेने धरायची आणि तिच्यानंतरचे दोन दिवस पाळायचे. अमावास्येवरून सण मोजणं आपल्याला कुणी शिकवायला नको. हे वाचलं तेव्हाच मला या सणाबद्दल आपलेपणा वाटायला लागला होता.

चपला ठेवून आत गेले. नऊ दारं, बाहेर नऊ जलाशय, वर सत्तावीस पाकळ्या. फरिबोर्ज साहबा या वास्तुविशारदाच्या या कामाचं उद्घाटन डिसेंबर १९८६मध्ये झालं. आत मूर्ती नाही, वेदी नाही, प्रवचनकाराचं व्यासपीठ नाही. दानपेटीही नाही, कारण बहाई नसलेल्यांकडून धर्मकार्यासाठी पैसे घेतलेच जात नाहीत. सुमारे तेराशे माणसं बसतील एवढ्या दालनात कुणीतरी बाळाला कुजबुजत शांत करत होतं, तेवढाच आवाज.

मग प्रार्थना सुरू झाली. एक बाई उठल्या, बहाई लेखनातला एक उतारा वाचला आणि जागेवर जाऊन बसल्या. त्यांच्यानंतर दुसऱ्या धर्मग्रंथातले श्लोक, पुन्हा वेगळ्या भाषेतलं काही. वाचलेल्यावर कुणी भाष्य केलं नाही. इथे पुरोहितच नाही, मग अर्थ सांगणार कोण? शब्द कानावर पडतात आणि पुढचं ज्याचं त्याने बघायचं. प्रवचनाची सवय असलेल्या मला ती मोकळीक आधी अवघड वाटली, मग फार मोलाची वाटली.

शेवटी तिघाचौघांनी मिळून एक प्रार्थना गायली. बहाई मंदिरात वाद्य वाजवत नाहीत, फक्त माणसाचा गळा. घुमटाखाली सूर इतका रेंगाळतो की पुढची ओळ सुरू होते तेव्हा मागची अजून विरलेली नसते. गाणारे त्यासाठी थांबत होते. साथीला तंबोरा नव्हता, पण ती आसच तंबोऱ्यासारखी भरून राहिली होती. माझ्या शेजारचे सरदारजी डोळे मिटून बसले होते. गाणं संपल्यावरही बराच वेळ ते उठले नाहीत.

संध्याकाळी ओळखीच्या एका बहाई कुटुंबाकडे बोलावणं होतं. दारातच आजींनी 'अल्लाहो अभा' म्हणत हात हातात घेतला आणि खिडकीकडे बोट दाखवलं. बहाई दिवस सूर्यास्ताला पालटतो. बाब यांचा जन्मदिवस नुकताच मावळला होता आणि बहाउल्लाह यांचा उगवला होता.

इथे वाद्यांना बंधन नव्हतं. हार्मोनियम होती, गिटार होती, आजींच्या भावाच्या हातात डफ होता. हिंदी भजनाच्या चालीवर एक प्रार्थना झाली, मग एक फारसी. खोलीत निम्मे लोक बहाई नव्हते: खालच्या मजल्यावरचं कुटुंब, मुलीच्या कॉलेजातल्या मैत्रिणी, मी. मध्येच आजी थोडं बोलल्या. बाबना १८५०मध्ये तब्रिझला गोळ्या घातल्या, बहाउल्लाह यांनी हयातीची चाळीस वर्षं कैदेत आणि हद्दपारीत काढली, इराणात आजही त्यांच्या माणसांचा छळ होतो. आवाज जराही न चढवता त्यांनी हे सांगितलं आणि मग नातवाला म्हणाल्या, आता तुझं गाणं म्हण.

त्यानंतर एक कागद माझ्यापुढे आला. "मराठी आती है ना? तो यह आप पढ़िए." मराठीत उतरवलेली एक प्रार्थना होती. मी बहाई नाही, म्हणून क्षणभर घुटमळले. पण घुटमळणारी मी एकटीच होते, बाकीचे ऐकायच्या तयारीत बसले होते. वाचताना दुसऱ्याच ओळीला आवाज कापला. तिथे बहुतेकांना मराठी कळत नव्हतं, तरी कुणी हललं नाही. संपल्यावर टाळ्या नाहीत. डफावर एक हलकी थाप पडली आणि पुढचं गाणं सुरू झालं.

निघताना आजींनी तो कागद माझ्याकडेच राहू दिला. पुढच्या वर्षी कधी, असं विचारलं तर म्हणाल्या, २२ आणि २३ ऑक्टोबर. घरी आल्यावर पंचांग उघडलं. पाडवा आणि भाऊबीज.